उजव्या बुटाचा खालचा दात

‘खेळाडूच्या उजव्या बुटाच्या पात्याचा खालचा दात नैसर्गिक झिजेमुळे नाहीसा झालेला होता. जीर्ण साहित्य वापरल्याचा दोष सर्वस्वी खेळाडूचा असून तिला दोन वर्षे स्पर्धाबंदी करण्यात येत आहे.’

मित्रांनो, ही संघटनेच्या चौकशी अहवालातील वाक्ये. त्यातला बूट म्हणजे मी. मी एक जुना, बर्फावरच्या स्केटिंगचा बूट आहे, एवढे मला मान्य आहे. बाकीच्या मजकुराविषयी मात्र मला कुतूहल आहे. अहवाल लिहिणाऱ्या तिघा विद्वानांपैकी एकानेही मला हातात घेतले नाही. त्यामुळे असे कुतूहल त्यांना वाटण्याचा प्रश्नच नव्हता.

माझ्या पात्याच्या टोकाला करवतीसारखे पाच दात होते. उडी घेताना खेळाडू ते बर्फात रोवते. त्यांतला खालचा सर्वांत मोठा. पोलाद झिजते, हे खरे. पण ही झीज वरच्या चौघांना नमस्कार करून पुढे गेली आणि पाचव्यालाच मुळासकट खाऊन बसली? तीही पट्टी लावून कापावे तशी सरळ? माझा डावा भाऊ त्याच कारखान्यात, त्याच दिवशी जन्मला. तितकाच बर्फ त्याने तुडवला. त्याचे पाचही दात शाबूत आहेत. जुळ्यांपैकी एकच म्हातारा होतो, हे शास्त्र समितीला कोठे सापडले, ते जाणून घ्यायला मला खरोखर आवडेल.

मी तिच्या पायात आलो तेव्हा ती तेरा वर्षांची होती. पहिला महिनाभर मी तिच्या टाचा सोलल्या. तिने कुरकुर केली नाही. सराव संपला की ती जुन्या टॉवेलने माझे पाते पुसून कोरडे करी, मगच स्वतःचे केस पुसत असे. तिची आई हसून म्हणे, “अगं, त्याला सर्दी होत नाही, तुला होते!” चार वर्षांत माझ्यावर गंजाचा ठिपका पडला नाही. एका स्पर्धेत तर परीक्षकांनी तिच्या साहित्याची निगा वाखाणली होती. तेच परीक्षक पुढे चौकशी समितीवर बसले.

मला धार लावणारे काका फार काटेकोर गृहस्थ. पाते घासण्यापूर्वी आणि नंतर ते कागदावर ठेवून पेन्सिलीने त्याची कड गिरवत आणि खाली तारीख घालत. पात्याचा बाक केसभरही बदलू नये, म्हणून ही त्यांची रीत.

निवड स्पर्धेच्या आदल्या दिवशी प्रशिक्षक सर मला एकट्यालाच काकांकडे घेऊन गेले. मागच्या वेळी गिरकीत खरखर ऐकू आली म्हणून परीक्षकांनी तिचे गुण कापले होते, आणि संघात शिष्या नसेल तर संघाबरोबर सरही जाणार नव्हते.

“काका, हा खालचा दात उडवा. गिरकीत खरवडतोय.”

“अहो सर, मग उडीला रोवणार काय? कपाळ?”

“ते माझ्यावर सोडा.”

“पोरीला विचारलंत?”

“तीच म्हणाली.”

हे ऐकून मला नवल वाटले. तिचे बर्फावरचे सगळे बोलणे मी ऐकत आलो होतो. हे वाक्य तेवढे कसे निसटले?

दुसऱ्या दिवशी सरावाला पाचच मिनिटे उरली असताना सरांनी मला तिच्या हाती दिले. ती दोनदा उडीला गेली, दोनदा थांबली.

“सर, पुढे पकडच लागत नाहीये.”

“नवी धार आहे, तसं वाटतंच. घाबरतेस तू.”

तिने मला उलटे करून पाहिले नाही. सरांच्या शब्दानंतर तपासणी म्हणजे उद्धटपणा, हे तिला चार वर्षे शिकवलेले होते. स्पर्धेत मी रोवायला गेलो आणि घसरलो. तिच्या घोट्याचे हाड मोडल्याचा आवाज सर्वांत आधी मी ऐकला.

अहवाल आल्यावर आई मला पिशवीत घालून काकांकडे गेली. “काका, खरं सांगा, हा दात कधी पडला?”

काकांनी गिरवलेल्या कागदांचा गठ्ठा पुढे ओढला. मग म्हणाले, “पडला नाही हो ताई, मीच पाडला. तिला एक फोन करायला हवा होता मी.” फेरचौकशीत त्यांनी शेवटचे दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एकावर पाच दात, दुसऱ्यावर चार. दोन्हींवर तारीख एकच. नैसर्गिक झीज एका दिवसात उरकली होती. बंदी त्याच बैठकीत उठली. हाड जुळले आहे. ती पुन्हा उडी घेईल की नाही, हे अजून कोणाला ठाऊक नाही.

मित्रांनो, वस्तू पुसा, जपा. पण पायात घालण्यापूर्वी एकदा उलटी करून पाहा, ती कोणीही दिलेली असो. आणि मोठे व्हाल तेव्हा एखादे मूल ‘इथे काहीतरी चुकतंय’ म्हणाले, तर आधी बूट तपासा, मग मूल. सरांचा जबाब इतिवृत्तात जसाच्या तसा नोंदलेला आहे:

“दात मी कापून घेतला. तिला विचारलं नव्हतं. पकड लागत नाही असं ती म्हणाली, तेव्हा ती बरोबर आहे हे मला कळत होतं. तरी मी तिला बर्फावर पाठवलं.”