पाटल्यांची घनता

अकरावीतल्या विधीला घरातल्या एखाद्या वस्तूची घनता काढून न्यायची होती. घरात बटाटे होते, खलबत्ता होता. पण सराफाची लेक ती, तिला सोनंच हवं! जळगावात बापाचं दुकान आहे म्हटल्यावर वर्गात मिरवायला नको? तिने आईच्या, मंजूच्या, हातातल्या पाटल्या काढून घेतल्या आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवल्या. पन्नास ग्रॅम.

"बघ, पाच तोळे," मंजू खुशीत म्हणाली. चाळीसगावला किराणा दुकान चालवणाऱ्या तिच्या वडिलांनी, बाऊजींनी, लग्नात घातलेल्या भरीव पाटल्या होत्या त्या. सासरच्या सराफांनी चारचौघांत तोलून घेतलेल्या.

विधीने पातेलं काठोकाठ भरून त्यात पाटल्या सोडल्या. सांडलेलं पाणी ताटातून खोकल्याच्या औषधाच्या मापात ओतलं. वीस मिली.

"पन्नास भागिले वीस, अडीच," म्हणत तिने पुस्तक उघडलं आणि किंचाळली, "मम्मी, सोन्याची घनता एकोणीस हजार तीनशे!"

मंजूने ताटातल्या पाण्याकडे पाहिलं. कुठे एकोणीस हजार आणि कुठे अडीच!

"थांब, थांब," विधी म्हणाली. "पुस्तकात किलो आणि घनमीटर आहे, आपलं ग्रॅम आणि मिली. हजाराने गुणायचं. अडीच हजार."

अडीचाचे बसल्या जागी अडीच हजार झाले, तसा मंजूचा जीव भांड्यात पडला. पण विधीचं तोंड उतरलेलंच. "तरी कमीच. बावीस कॅरेट धरलं तरी सतरा हजार हवेत. अगं, अ‍ॅल्युमिनियमसुद्धा सत्तावीसशे असतं."

सोनं अ‍ॅल्युमिनियमपेक्षा हलकं? मंजूला काहीच उमगेना. "मिली म्हणजे ग्रॅमच ना गं?"

"पाण्यासाठी, मम्मी. सोन्यासाठी नाही."

"पण बुडवलंय तर पाण्यातच!"

विधीने कपाळाला हात लावला. पुन्हा पातेलं भरलं, पुन्हा पाणी मोजलं, पुन्हा तेच. तोळा पूर्वी दहा ग्रॅमपेक्षा मोठा असायचा, हे आठवून मंजूने तोही हिशेब लावून पाहिला. गोंधळ तेवढा वाढला. वजन बरोबर, पाणी बरोबर, मग चुकलं कोण? बाऊजी? बाऊजींनी लेकीला खोटं सोनं घातलं? या घरात कळलं तर त्यांना तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

दुकानातून जेवायला आलेल्या बापासमोर, सुरेशचंदसमोर, विधीने एका दमात सगळं ओकून टाकलं. मंजूने डोळे वटारले, पण उशीर झाला होता.

सुरेशचंदने पाटल्या पाण्यातून काढल्या. "सोनं खरं आहे," तो म्हणाला. "वरचा पत्रा सोन्याचा, आत लाख भरलीय. तीन तोळे सोनं असेल, बाकी लाख. लाख हलकी, जागा जास्त खाते. काटा बिचारा दोघांचं मिळून वजन सांगतो."

"बाऊजी तर भरीव म्हणाले होते!" मंजूचा आवाज चढला. "तुम्हाला कधी कळलं?"

"लग्नातच. तोलायला मीच बसलो होतो. पाच तोळ्यांत एवढ्या जाड पाटल्या होत नाहीत, हातात घेतल्याबरोबर समजलं. बाऊजी समोर उभे होते, माझ्याकडेच बघत होते. मी मोठ्याने म्हटलं, पाच तोळे."

मंजूला बापाचा राग आला, बापाची दया आली, आणि समोरच्या या माणसाचं काय करावं तेच कळेना. जावई दारात दिसला की बाऊजी दुखरे गुडघे घेऊन उठायचे. तो बसेपर्यंत खाली बसायचे नाहीत. तिला वाटायचं, जुन्या वळणाचा माणूस, जावयाचा मान राखतो.

"त्यांना ठाऊक आहे," ती म्हणाली. "तुम्हाला कळलंय ते."

"हो," सुरेशचंद म्हणाला. "किती वेळा म्हटलं, बाऊजी, तुम्ही बसा. बसतच नाहीत."