शर्मिला मास्टर

हिंदी मुलखातल्या गढा भागात सलवार-सूटच्या एका कारखान्यात शर्मिला बावीस वर्षं बाह्या जोडत होती. गेल्या दिवाळीनंतर मालकाने कापड कापायचं कॉम्प्युटरवालं मशीन आणलं, कुठेतरी चार-पाच वर्षं चाललेलं. हाताने कापणारे दोन्ही कटिंग मास्टर महिनाभरात काम सोडून गेले. मशीन चालवायला कुणीच उरलं नाही, तेव्हा शर्मिलाने विचारलं, "भैया, मी शिकू का?"

मालक जरा घुटमळला, पण हो म्हणाला.

ती शिकलीही. दोन महिन्यांनी मात्र मशीन बिघडलं. एकावर एक रचलेल्या साठ थरांपैकी वरचा तुकडा बरोबर येई आणि सगळ्यात खालचा तीन मिलिमीटर मोठा. बाह्या बसेनात. मेकॅनिक आठ दिवसांनी येणार होता. मालक म्हणाला, "वापस कर देंगे." वीस बायका रिकाम्या बसून होत्या.

घरी जेवताना तिने हे वडिलांना सांगितलं. पुंडलिकराव पस्तीस वर्षं तोफांच्या कारखान्यात लेथ मशीन चालवणारे टर्नर होते. शर्मिलाला दहावीनंतर आयटीआयमध्ये तेच शिकायचं होतं. "मशीनवर बाया नसतात," म्हणून त्यांनी तिला शिवणक्लासला घातलं होतं. त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही.

"वरचा बरोबर अन् खालचाच मोठा?" त्यांनी घास खाली ठेवला. "म्हणजे पातं खाली जाता जाता वाकून राहिलं. त्याला धरणारे रोलर असतील ना?"

"आहेत. दोन."

"उद्या मेन स्विच बंद कर. जाड हातमोजे घाल अन् पातं हाताने हलवून पाह्य. हललं तर रोलर झिजले."

"तुम्हीच चला ना, बाबा."

"मी काहून? मशीन तुझं आहे."

दुसऱ्या दिवशी पातं हललं. एका रोलरचं बेअरिंग पार खिळखिळं झालं होतं. शर्मिलाने ते काढलं, बाजारात दुकानदारासमोर ठेवलं आणि तसंच नवीन आणलं. बसवताना दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा बसलं. तिने साठ थर लावून कापले, वरचा आणि खालचा तुकडा जुळवून पाहिला. कडेला कड लागली. मागे उभ्या असलेल्या बायकांपैकी कुणीतरी म्हणालं, "वाह, मास्टरजी." त्या दिवसापासून तिचं नाव तेच पडलं.

संध्याकाळी तिने हे सगळं पुंडलिकरावांना सांगितलं.

"तेव्हा मी चुकलो, बेटा," ते म्हणाले. "आमच्या मशीन-शॉपमध्ये बाई नव्हती, तर असूच शकत नाही असं वाटलं मला."

शर्मिलाला हे ऐकायला अठ्ठावीस वर्षं लागली होती. राग यायला हवा होता, थोडा आलाही. मग ती म्हणाली, "मालकाला मी सांगितलं, अजून दोघींना मशीन शिकवते. ते तयार आहेत. पण मोजमाप मला नीट सांगता येत नाही. रविवारी याल?"

रविवारी कारखान्यात दोघींच्या जागी सात जणी बसलेल्या होत्या. पुंडलिकरावांनी हिंदीत सुरुवात केली, एकीने मध्येच थांबवून प्रश्न विचारला, आणि त्याचं उत्तर शर्मिलाने दिलं.