चव बघणारा माणूस

दुपारच्या उन्हात स्नेहलता आपल्या बंद केलेल्या रेस्टॉरंटच्या काचेवरचं ‘द पोर्च’ हे नाव ब्लेडने खरवडत होती. अक्षरं निघाली तरी त्यांचा डिंक काही निघेना.

परदेशातल्या या हेन्डरसन उपनगराच्या कोपऱ्यावर अकरा वर्षं तिने अमेरिकन जेवण रांधलं. तळलेलं चिकन, घोटलेला बटाटा, त्यावर मांसाच्या रसाची दाट ग्रेव्ही. आणि गंमत अशी, की तिच्या माहेरी सात पिढ्यांत कुणी अंडंसुद्धा फोडलं नव्हतं. तिनेही मांसाचा कण कधी जिभेवर ठेवला नाही. मसाला तिचा, अंदाज तिचा, चव मात्र नवऱ्याने बघायची. चंद्रशेखर चमचा चाटून म्हणायचा, “मीठ घाल अजून,” आणि ती डोळे झाकून घालायची.

गेल्या वर्षभरात गिऱ्हाईक आटत गेलं. माझ्या हाताची चवच गेली, हे तिने मनाशी पक्कं करून टाकलं होतं. टौरंगा शहरातल्या एका कॅफेने देऊ केलेलं स्वयंपाकघराचं काम तिने आज सकाळीच नाकारलं.

शेजारी डेअरी, म्हणजे दूध-किराण्याचं छोटं दुकान, चालवणारी सुनीता निरोप घ्यायला आली, तेव्हा स्नेहलताने सरळच विचारलं.

“खरं सांग, लोक यायचे का थांबले?”

सुनीताने आढेवेढे घेतले. मग म्हणाली, “राग मानू नका ताई. ग्रेव्ही फार खारट व्हायला लागली होती. चिकन पण. मी दादांना दोनदा सांगितलं. बघतो म्हणाले.”

स्नेहलता आत गेली. चंद्रशेखर उलट्या क्रेटवर बसून डबा खात होता. आवराआवरीच्या गडबडीत आमटी कालपासून बाहेरच राहिली होती. तिने सहज बोट बुडवून चाखलं आणि थुंकली. आमटी पार आंबली होती. त्याची निम्मी खाऊन झाली होती.

“कशी झालीये?”

“छान. नेहमीसारखी.”

तिने डबा त्याच्या हातातून काढून घेतला. त्याने नजर खाली वळवली.

“कधीपासून?”

“मागच्या मेमध्ये ताप आला होता ना, तेव्हापासून. सगळं अळणीच लागतं. वाटायचं, येईल परत.”

तिला संताप आला. वर्षभर ती रोज स्वतःला दोष देत होती, आणि हा माणूस समोर उभा राहून चमचा चाटत होता.

“मला सांगायचंस की. मी चाखलं असतं.”

“माहितीये,” तो म्हणाला. “दुसऱ्याच दिवशी चाखलं असतंस. म्हणूनच नाही सांगितलं.”