वाचता आलं की वर
माझी थोरली बहीण शिक्षण मंडळात हिशेबाची प्रमुख आहे आणि मी त्याच मंडळाच्या शाळेत, जिन्याखालच्या खोलीत, मुलांना वाचायला शिकवते. म्हणजे पैसे सांभाळणारी ती आणि उडवणारी मी, असं तिचं मत. माझं मत असं, की मंडळातल्या लोकांना उंटावरून शेळ्या हाकण्याची सवय झालेली असते आणि ताईही आता उंटावर नीट बसायला शिकली आहे.

आमच्या खोलीची रीत साधी आहे. वर्गात ज्यांना वाचन जमत नाही, ती मुलं खाली माझ्याकडे येतात. एक अख्खी गोष्ट न अडखळता वाचून दाखवली, की मूल परत वर, आपल्या वर्गात. वर चाळीस मुलांना एक बाई, खाली पाच जणांना मी एकटी. त्यामुळे दर मुलामागचा खर्च मोजला की माझी खोली शाळेत सगळ्यात महाग ठरते आणि निकालात सगळ्यात खाली. ठरणारच! ज्याला यायला लागतं तो वर जातो आणि त्याचे गुण वरच्या वर्गात धरले जातात. साय काढून घ्यायची आणि मग दूध पातळ म्हणून ओरडायचं, त्यातली गत. हे मी वर्षानुवर्षं सांगत आले आहे. पालथ्या घड्यावर पाणी.

यंदाही खोलीचा निकाल तसाच लागला. खोली बंद करायचा ठराव ताईच्या टेबलावर गेला. दुसऱ्या कुणाची खोली असती तर तिनं सही करून टाकली असती. माझी म्हणून स्वतः बघायला आली, आणि आल्या आल्या मुलांसमोरच माझी मुडपलेली कॉलर सरळ केली. मी चाळिशी ओलांडली आहे हे तिला कुणीतरी सांगायला हवं.

ती मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसली. गुडघे पार हनुवटीला लागले.

"मला कोण वाचून दाखवणार?" तिनं विचारलं.

मी मुंगीला पुढे केलं. मुंगी म्हणजे आमच्यातली सगळ्यात जुनी. आवाज एवढासा, पण सगळ्यांच्या पेन्सिली, चपला, भांडणं तीच जागेवर लावायची. बकरीनं छत्री खाल्ली त्या गोष्टीवर आम्ही कितीतरी दिवस घाम गाळला होता. आज तरी जमेल अशी मला फार आशा होती.

"ब... बक... बकरीनं..." मुंगी थांबली. माझ्याकडे बघितलं. "छ... छडी..."

मी नेहमीसारखी वाट पाहिली. ताईनंही पाहिली, बिचारीनं. मग उठून मला खिडकीशी घेऊन गेली.

"किती दिवस आहे ही तुझ्याकडे?" तिनं हळू आवाजात विचारलं. खोली एवढीशी, की हळू आवाजही पाचही जणांना ऐकू जावा.

"दुसरं वर्ष."

"आणि एक छत्री वाचता येत नाही? अगं, मी मंडळाला काय तोंड दाखवू? एवढ्या पैशात वरच्या वर्गाला आणखी एक बाई देता येईल."

"दे ना! पण ही पाच पोरं तिथं मागच्या बाकावर बसून भिंती बघतील, त्याचं काय?"

"इथं बसून काय बघतात?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ताईनं माझा हात धरला. "मला आनंद होतोय का हे करताना? पण दाखवण्यासारखं काहीतरी दे मला. नाहीतर सुट्टीनंतर ही खोली बंद. मी नाही थांबवू शकत."

पाठीमागे कुणीतरी वाचू लागलं.

"बकरीनं छत्री खाल्ली आणि म्हणाली, आता पाऊस माझ्या पोटात पडणार नाही. म्हातारा म्हणाला, शहाणे, आता मी भिजणार त्याचं काय? बकरी म्हणाली, तुम्हीपण माझ्या पोटात या..."

मुंगी वाचत होती. उभी राहून, म्हाताऱ्याचा आवाज जाडा काढून, बकरीचा किनरा काढून, कुठेही न अडखळता. पान उलटलं तेव्हासुद्धा थांबली नाही. गोष्ट संपल्यावर तिनं पुस्तक मिटलं आणि आम्हा दोघींकडे बघितलं.

"नका करू बंद," ती म्हणाली. "येतं मला."

"कधीपासून?" माझ्या तोंडून कसंबसं निघालं.

"मागच्या सुट्टीच्या आधीपासून."

"मग चुकत का होतीस गं?"

"वाचता आलं की वर पाठवता ना." तिनं मान खाली घातली. "वर बाई थांबत नाहीत. त्यांना वेळच नसतो. तुम्ही थांबता."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! हिला वाचता यावं म्हणून मी नवनवे तक्ते रंगवत होते, रविवारी प्रशिक्षणाला जात होते, आणि ही रोज माझ्यासमोर इमानेइतबारे चुकत होती. राग यायला हवा होता. मला रडूच आलं, आणि ते लपवण्याच्या भानगडीत मी पडले नाही.

मुंगी मात्र कामाला लागली होती. ती बाकीच्यांकडे वळली.

"टोपी, तू पण वाच. जुळ्या, तुम्ही पण. नाटक बंद. ऐकलं ना, खोली जाईल."

कधीच टोपी न काढणाऱ्या आमच्या टोपीनं आधी छताकडे बघितलं, मग पुस्तक उचललं आणि पहिलं पान घडाघडा वाचलं. जुळ्या बहिणींनी एकेक ओळ वाटून घेतली. धाकटी एका जोडाक्षराशी अडली, ती खरीच अडली. थोरलीनं तिला कोपर मारलं आणि गाडी पुढे गेली.

"आणि हा?" ताईनं पाचव्याकडे बोट दाखवलं. तो आठवड्यापूर्वीच आला होता, म्हणून त्याला सगळे नवा म्हणत.

"त्याला खरंच येत नाही," मुंगी म्हणाली. "त्याच्यासाठी खोली पाहिजे."

ताई पुन्हा त्या बुटक्या खुर्चीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळे पुसू लागली. "म्हणजे उद्यापासून तुझ्याकडे एकच मूल! दर मुलामागचा खर्च किती होईल, कळतंय का तुला? मंडळातले मला वेड्यात काढतील."

"काढू देत," मी म्हणाले.

"काढू देत म्हणे." तिनं नाक ओढलं. "आजवर इथून वर गेले त्या सगळ्यांची नावं दे मला. त्यांचे गुण तुझ्या खोलीत धरून दाखवते. तोवर मी ठरावावर सही करत नाही. पुढचं मी बघते."

हे मी वर्षानुवर्षं सांगत होते, असं मी म्हणणार होते. पण तिचा चेहरा बघून नावांची वही शोधायला लागले.

मुंगी तिच्याजवळ गेली. "म्हणजे मी वर गेले तरी खोली राहील?"

"राहील."

"आणि मला वर नाही जमलं तर?"

ताईनं माझ्याकडे बघितलं. मंडळाच्या नियमात याला उत्तर नव्हतं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

"तर खाली यायचं," ताई म्हणाली. "बाईंना सांगायचं, हे मला येत नाही. बाई थांबतील."

मुंगीनं थोडा विचार केला.

"मुद्दाम चुकावं नाही लागणार?"

"नाही गं बाळा," ताई म्हणाली, आणि तिनं मुंगीची कॉलर सरळ केली. ती मुळात सरळच होती.