हिरव्या शाईचा गठ्ठा

खुर्चीवर चढून तनुजानं कार्यालयाच्या भिंतीवरचा फोटो खिळ्यावरून काढला. फोटोत तिचे साहेब, भागातले पुढारी आप्पासाहेब, एका परदेशी मुलीच्या डोक्यावर हात ठेवून उभे होते. काबूल तालिबानच्या हाती पडलं त्या वर्षीचा फोटो. विद्यापीठात शिकायला आलेली कहकशा इथंच अडकली, तेव्हा आप्पासाहेबांनी भर सभेत तिला साडीचोळी दिली आणि "हिचं माहेर आता चिकलठाणा," असं जाहीर केलं. टाळ्या काय, कॅमेरे काय! ते भाषण तनुजानंच लिहिलं होतं.

"कपाटामागं सरकव. कुणाच्या नजरेला पडायला नको," आप्पासाहेब म्हणाले.

आता महापालिकेची निवडणूक तोंडावर आली होती आणि वारं फिरलं होतं. महिनाभर आप्पासाहेब परदेशी लोकांना हुडकून सीमेपार धाडायच्या गर्जना करत होते. सीमेचं नाव घेताना मूठ आवळत. चिकलठाण्यापासून ती सीमा किती लांब आहे, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. ही भाषणंही तनुजाच लिहीत होती, आणि त्याची तिला स्वतःचीच चीड येत होती.

कहकशा बाहेर बाकावर बसली होती. तिला राहण्याचा परवाना वाढवून हवा होता. अर्जाला तिनं आप्पासाहेबांचं जुनं पत्र जोडलं होतं: ही आमच्या भागात राहते, वर्तणूक चांगली आहे. हे पत्र तुमचंच का, अशी पोलिसांची लेखी विचारणा आज आली होती.

"काय उत्तर लिहू?" तनुजानं विचारलं.

"लिही, असं पत्र मी दिलेलं नाही. सही माझी नाही."

तनुजाची बोटं कीबोर्डवर थांबली.

"आप्पा, मग ते खोटं ठरंल. खोटा कागद जोडला म्हणून तिला परत धाडतील. तिथं तिचं कुणी उरलं नाय."

"तिचं बघू का माझं बघू? समोरच्यांनी चौकाचौकात बॅनर लावलेत, परक्यांना कुणी पोसलं म्हणून!"

कहकशा दारात येऊन उभी राहिली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"आप्पा, तुम्ही मला लेक म्हणला होता." तिची मराठी याच गल्लीत घडलेली होती.

आप्पासाहेबांनी मोबाइलवरची नजर काढली नाही. "बाई, मी रोज शंभर जणींना लेक म्हणतो."

तनुजाची कानशिलं तापली. तिनं मजकूर टाइप केला.

आप्पासाहेबांना कागद वाचून सही करायचा भारी कंटाळा. सहा वर्षांपूर्वी एकदाच बैठक मारून त्यांनी पाचशे कोऱ्या लेटरहेडवर हौसेच्या हिरव्या शाईनं सह्या ठोकल्या होत्या. वरचा मजकूर छापायचा तनुजानं. त्या दिवशी पेन गळत होतं. त्यामुळं प्रत्येक कागदाच्या कडेला त्यांच्या अंगठ्याचा हिरवा ठसा उमटला होता. दवाखान्याची चिठ्ठी असो की शाळेची शिफारस, आजवर सगळ्यांना तोच गठ्ठा पुरला होता. कहकशालाही.

आप्पासाहेब गाडीत बसत होते. तनुजा मागोमाग गेली.

"आप्पा, एवढ्या पत्रावर तरी समोर सही करून जा."

"का? गठ्ठा संपला का?"

"नाय. आहे अजून."

"मग त्यातलंच घे की! मुकुंदवाडीत लोक खोळंबलेत."

गाडी गेली. तनुजा क्षणभर फाटकाशी उभी राहिली. मग आत येऊन तिनं गठ्ठ्यातला वरचा कागद प्रिंटरमध्ये सरकवला.

'सदर पत्रावरील सही माझी नाही.' खाली आप्पासाहेबांची हिरवी सही, शेपटासकट. कडेला अंगठा. तिनं कहकशाकडून जुन्या पत्राची रंगीत झेरॉक्स मागून घेतली आणि दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. कहकशा वाकून बघत राहिली. मग तिनं एका ठशावरून दुसऱ्या, तसल्याच ठशावर बोट नेलं.

"उद्या पोलीस ठाण्यातल्या साहेबांना एवढंच सांग, दोन्ही असेच ठेवून बघा म्हणावं," तनुजा म्हणाली आणि स्वतः स्कूटीवरून पत्र पोचवायला निघाली.

पोच घेऊन ती बाहेर आली, तेव्हा फोन वाजला. मागं लाउडस्पीकर दणाणत होता.

"दिलं का पत्र?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"दिलं, आप्पा."

"सही नीट आहे ना? नंतर कटकट नको."

"व्हय आप्पा," तनुजा म्हणाली, "अगदी तुमचीच."