एका मुलीने काढून घेतलेला हार

चांदूर रेल्वेजवळच्या गावात खुशालराव फुलशेती करतात. त्या दुपारी ओसरीवर त्यांच्या विधवा वहिनी सुंदराबाई झेंडूचे हार ओवत होत्या आणि शेजारी खुशालरावांची मुलगी प्रणाली लॅपटॉप घेऊन बसली होती. दिल्लीच्या विद्यापीठात मानववंशशास्त्राच्या एम.ए.चा अर्ज पाचला बंद होणार होता. साडेतीन वाजले होते.

अर्जासोबत स्वतः पाहून लिहिलेला लेख हवा होता. प्रणालीने लिहिला होता तो मोठ्या आईवर, म्हणजे सुंदराबाईंवरच. त्यांनी ओवलेले हार तालुक्यातल्या कितीतरी नवरा-नवरींच्या गळ्यात पडतात. विकत घेणारा काही विचारत नाही. पण गेल्या वर्षी घरच्याच, प्रणालीच्या थोरल्या बहिणीच्या, आचलच्या लग्नात त्यांनी हौसेने ओवलेला हार विधवेचा हात लागला म्हणून गोठ्यात गेला आणि अमरावतीहून विकतचा आला. तो कोणी ओवला होता, हे विचारायची अक्कल मात्र एकालाही सुचली नाही!

खुशालरावांनी लेख वाचला आणि ते भडकले.

"घरची गोष्ट दिल्लीले कावून नेऊन राहिली? आचलच्या सासरी समजलं तं? 'आमच्या घरी' नको, 'एका गावात' असं लिव. नाही तं नेट भेटत नाही." लॅपटॉपला नेट ज्यावरून मिळायचं तो फोन त्यांनी खिशात घातला.

त्यात कॉलेजच्या दामिनी मॅडमनी बजावलं होतं, ज्यांच्यावर लिहिलं त्यांना वाचून दाखव, त्यांचा होकार घे. आठ दिवस प्रणाली ते टाळत आली होती. आता इलाज नव्हता. ती वाचू लागली. "घरातल्या एका मुलीने तिच्या हातातून हार काढून घेतला" हे वाक्य आलं आणि सुंदराबाईंची सुई थांबली.

"कोन मुलगी?"

"मोठी आई, नाव लिहायचं नसते."

"माह्यं लिवलं ना? ते पोरगी तूच होती. बाबानं सांगतलं अन् तू आली. माह्याकडं पाह्यलं बी नाही."

प्रणालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्यांची चूक तिने टिपली होती, स्वतःची तेवढी सफाईने गाळली होती.

"वहिनी, जुनं कावून उकरून राहिल्या?" खुशालराव म्हणाले.

"मी नाही उकरलं, भाऊजी. इनं उकरलं. आता पुरं लिवू द्या. इचं नाव टाकलं तं माही हो आहे."

प्रणालीने ते वाक्य पुसलं आणि लिहिलं, 'बाबांनी सांगितलं आणि मी हार काढून घेतला.' मग वडिलांकडे पाहिलं.

"बाबा, 'एका गावात' मी लिहीत नाही. ताईच्या सासरी मीच वाचून दाखवीन."

फोन खिशातून निघाला नाही. प्रणालीने लॅपटॉप पिशवीत घातला आणि स्कूटी काढली.

"थांब, मी बी येतो," म्हणत सुंदराबाई मागे बसल्या. खुशालराव दारात उभेच राहिले.

चांदूरच्या नेट कॅफेतून अर्ज पाचला दहा कमी असताना गेला. प्रवेश मिळेल की नाही, ते पुढे कळेल. वाचकहो, तुमच्या घरच्या शेवटच्या लग्नात विधवेला कोणी मागे सारलं, ते आज नावानिशी लिहून पाहा. ते नाव तुमचंच निघालं, तर खोडू नका.