खंडेनवमीचा पाना

“या देशाचं वाटोळं एकाच गोष्टीनं झालंय. माणसं आपली कामं दुसऱ्याच्या हातून करून घेतात!” असं गोटीराम तिडके यांनी पिकअपच्या उचललेल्या सीटखाली मान घालून जाहीर केलं, आणि त्यांच्या हातातला दहा नंबरचा पाना इंजिनात पडला.

पाना पडल्याचा आवाज आला. जमिनीवर पोचल्याचा आला नाही. तिडके थोडा वेळ थांबले. खालून काहीच कळवण्यात आलं नाही.

“पडला का?” मागून त्यांच्या पत्नी विमलाबाईंनी विचारलं.

“ठेवला,” तिडके म्हणाले.

विमलाबाई गाडीच्या हौद्यात, झेंडूच्या गोण्यांमध्ये बसल्या होत्या. खंडेनवमीची दुपार होती. मखमलाबादहून पंचवटी काही लांब नाही, पण तेवढं जायलाही गाडी चालू व्हावी लागते. उद्या दसरा. झेंडूला आज आणि उद्या सकाळी माणसं विचारतात. परवा त्याला गाय विचारत नाही.

हा झेंडू विमलाबाईंचा होता. घरामागच्या पट्टीत त्यांनी तो एकटीनं लावला, एकटीनं खुरपला आणि एकटीनं तोडला. यंदा तो व्यापाऱ्याला द्यायचा नाही, दिंडोरी नाक्याच्या अलीकडं रस्त्याकडेला स्वतः बसून विकायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. तिडक्यांनी लागवडीपासून या झेंडूचं भविष्य वर्तवलं होतं. आधी तो उगवणार नव्हता, मग पावसानं सडणार होता, मग त्यावर करपा पडणार होता. झेंडूनं यातलं काही मनावर घेतलं नाही.

या सगळ्यात तिडक्यांचा वाटा म्हणजे गाडी. “मी नसतो तर काय डोक्यावर नेला असतास?” असं ते महिनाभर अधूनमधून विचारत होते. विमलाबाई खुरपत असत. गाडी हा आपला वाटा आहे आणि त्यापलीकडं काही नाही, हे तिडक्यांना चांगलं माहीत होतं. म्हणून तर ते इतक्या वेळा विचारत.

तिडक्यांना किळस फार. हॉटेलातला कप, दुसऱ्याच्या घरातला टीव्हीचा रिमोट, दुकानदारानं थुंकी लावून वेगळी केलेली पिशवी, यांची तर होतीच. पण खरी किळस लोकांच्या कामाची. गवंड्यानं बांधलेली भिंत पाहिली की त्यांना मळमळे. शिंप्यानं घातलेलं काज ते चष्मा लावून बघत आणि “शी!” म्हणत. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी जकात नाक्यावर कारकून म्हणून, ट्रकवरची ताडपत्री उचलून बघण्यात काढली होती. त्यामुळं गाडीच्या पोटात काय असतं हे आपल्याला ठाऊक आहे, असं त्यांचं मत होतं. आणि ते ठाऊक होतंही. कांदे, सिमेंट, प्लास्टिकच्या खुर्च्या, एकदा मेंढ्या.

मेकॅनिकची किळस तर वेगळीच. पेठ नाक्यावरचा मेकॅनिक फोन खांद्यात धरून बोलत बोलत इंजिन उघडतो, हे त्यांनी एकदा पाहिलं आणि ते पुन्हा तिकडं गेले नाहीत. तिडके निघाले तेव्हा त्यानं सांगितलं होतं, “तात्या, सीएनजीवर प्लग लवकर जात्यात. आन् वरून पाणी नका मारू हितं, कॉईली बसल्यात.” त्यातलं पहिलं वाक्य तिडक्यांनी ऐकलं. द्वारका चौकातल्या दुकानात जाऊन त्यांनी चार प्लग, त्यांना ठिणगी देणाऱ्या चार कॉईल आणि प्लग खोलायचा लांब पाना आणला. दुसरं वाक्य फोनवरच्या माणसासाठी असावं, असं त्यांना वाटलं.

ही सगळी खरेदी त्या दिवशी सकाळपासून देवासमोर पाटावर होती. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात आणि पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. पाने, पकड, हातोडी, विमलाबाईंचं खुरपं आणि त्या खोक्यांना हळदकुंकू लावून, अक्षता टाकून, झेंडूचं एकेक फूल वाहिलेलं. गाडीची पूजा उद्या. म्हणून तिडक्यांनी सकाळीच ती धुवायला घेतली होती. धुण्याच्या सेंटरवाल्यांची त्यांना किळस होती. ते वरवर धुतात. तिडक्यांनी द्राक्षावर औषध मारायचा पंप लावला, सीट उचलली, आणि देव काय बाहेरूनच बघतो का, असं म्हणत इंजिनावर अशी धार धरली की आतला मळ तर निघालाच, शिवाय तिथं जे नव्हतं ते आत शिरलं.

फुलं भरून झाल्यावर त्यांनी किल्ली फिरवली. गाडी चालू झाली, पण थंडी वाजून आलेल्या म्हशीसारखी थरथरायला लागली. ॲक्सिलेटर दाबला की ती मान टाकायची.

“तात्या, दोन शिलिंडर बोलंना तिचे!” शेजारच्या वट्यावरून नवनाथ ओरडला. नवनाथकडं डिझेलची पिकअप होती. तो घोटीहून तांदूळ आणि नामपूरहून कांदा ओढायचा. त्याच्या तोंडात गुटखा असायचा आणि त्याच्या गाडीच्या उजव्या दारावर खिडकीपासून खालपर्यंत तपकिरी ओघळ असायचे. त्या ओघळांमुळं तिडके सकाळी त्या बाजूचं दार उघडत नसत. घराचं.

“माल माझ्या गाडीत टाकू का? मी चाललोच हाय तिकडं.”

“नको,” तिडके म्हणाले. “माझ्या झेंडूवर गुटख्याचे शिंतोडे नकोत.”

“तुमच्या?” विमलाबाई म्हणाल्या.

तिडके घरात गेले. देवासमोर उभे राहिले. नवमीला हत्यार उचलणाऱ्या लोकांबद्दल आदल्या वर्षी त्यांनी नवनाथला वट्यावर बसवून बरंच ऐकवलं होतं. आता त्यांनी डोळे मिटले, तोंड कडू केलं आणि पाटावरचा दहा नंबरचा पाना उचलला. मग लांब पाना. मग खोकी. खोक्यावरचं फूल त्यांनी अलगद हातोडीवर ठेवलं, म्हणजे हिशेबात कमी नको.

आणि तोच पाना आता, हळदकुंकवानं निसटून, इंजिनात होता.

तो खालच्या पत्र्यावर अडकलेला सापडला. काढताना मनगटाला चटका बसला. “कुंकू सुद्धा आजकाल ऑइलचं करतात,” असं म्हणत त्यांनी पाना लुंगीला पुसला. पहिल्या कॉईलचा बोल्ट सुटला. वायरचा सॉकेट काढायला गेले तर त्याची प्लास्टिकची जीभ तुटली.

“शी! हे प्लास्टिक आहे? हे? भाकरीचा पापुद्रा बरा.”

“आवो, दाबून काढायचं आसंल ते.”

“दाबलंच.”

“मंग वढून काढायचं आसंल.”

कॉईल वर आली. तिच्या रबरी नळीतून पाणी गळलं. तिडक्यांनी बॅटरीच्या उजेडात खाली पाहिलं. प्लग ज्या खड्ड्यात बसतो तो काठोकाठ भरला होता. पाण्यावर झेंडूची एक पाकळी तरंगत होती.

“हे बघ!” तिडके गरजले. “ये, बघ ये! कुणी हरामखोरानं इंजिनात पाणी घातलंय! ही माणसं! शेण खायच्या लायकीची नाहीत! कुणी केलं असेल हे?”

विमलाबाई हौद्यातून उतरल्या. खड्ड्यात डोकावल्या. मग भिंतीला टेकवून ठेवलेल्या द्राक्षाच्या पंपाकडं पाहिलं. नळीतून अजून थेंब पडत होता.

“सकाळी कोण व्हतं वो पंप घेऊन?” त्यांनी विचारलं.

तिडक्यांनी बॅटरी तोंडात धरली. तोंडात बॅटरी असलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही.

पुढचं काम कसं होतं हे सांगण्यासारखं नाही. प्रत्येक खड्ड्यातलं पाणी काढावं लागलं. आधी स्क्रू ड्रायव्हरला गुंडाळलेल्या चिंधीनं, मग सायकलच्या पंपानं. पंपाची हवा खाली गेली आणि सगळा चिखल वर, तिडक्यांच्या चष्म्यावर आला. चष्मा पुसला तेव्हा दिसेना, आणि पुसला नाही तेव्हा दिसतच नव्हतं. जुने प्लग निघाले. टोकं झिजलेली, अंगावर गंजाची लाल पूड. तिडके एकेक प्लग उचलून नाकाशी नेत, “किळस!” म्हणत आणि ओळीनं मांडत. तिसरा नवा प्लग खाली पडला. त्याची पांढरी चिनी माती तडकली. तिडक्यांनी बनवणाऱ्याच्या घराण्याचा उद्धार केला आणि जुन्यांपैकी त्यातल्या त्यात बरा बघून, दाढीच्या जुन्या ब्रशनं घासून पुन्हा लावायला घेतला.

एवढ्यात विमलाबाईंनी एका गोणीत हात घातला. दाबून भरलेली फुलं आतून तापतात. वरची थंड असतात, मधली कोमट होतात, आणि मग काळी पडायला लागतात. त्यांचा हात बराच वेळ आत होता.

“गरम झालीत,” त्या म्हणाल्या.

“झालंच,” तिडके म्हणाले.

“मगाधरनं झालंच म्हनताय.”

“घाईनं प्लग आवळला तर आटे जातात. मग बसशील वर्षभर. आधी हातानं फिरवायचा असतो.”

“फिरवा मंग.”

त्यांनी हातानं फिरवला. दोन प्लग बसले. तिसरा सरळ जाईना. त्यांची मान सीटच्या लोखंडात अडकलेली होती आणि कानाला फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता. मग डिझेल इंजिनाची घरघर आली, आणि मग हौदा हलला. आधी थोडा, मग जास्त. एकेक गोणी उतरली की स्प्रिंग सुटते आणि गाडी इंचभर वर येते. जकात नाक्यावर इतकी वर्षं काढलेल्या माणसाला, गाडी भरतेय की रिकामी होतेय, हे डोळे मिटूनही कळतं.

“नवनाथा,” विमलाबाईंचा आवाज आला, “आधी तोंड धुऊन ये. फुलांला हात लावायचाय.”

“हो काकू,” नवनाथ म्हणाला. बादलीत तांब्या बुडाल्याचा आवाज आला. खळखळून चूळ भरल्याचा आला. तिडक्यांच्या अनेक वर्षांच्या किळसेनं जे झालं नव्हतं ते एका तांब्यात झालं.

तिडक्यांना मान वर काढता आली असती. वर काढली असती तर बघावं लागलं असतं. आणि बघितलं असतं तर काहीतरी म्हणावं लागलं असतं. त्यांनी तिसरा प्लग काढला आणि पुन्हा पहिल्यापासून हातानं फिरवायला सुरुवात केली.

“आवो, मी जाते म्होरं,” विमलाबाई दाराशी येऊन म्हणाल्या. “तुम्ही या मागनं. आन् च्या झाकून ठिवलाय.”

“जा,” तिडके इंजिनाला म्हणाले.

गाडीचा आवाज लांब गेला. अंगणात पाकळ्या पडल्या होत्या. तिसरा प्लग सरळ बसला. चौथाही बसला. नव्या कॉईली खाली दाबल्या, बोल्ट आवळले, तुटक्या जिभेचा सॉकेट इन्सुलेशन टेपनं बांधला. चहा प्यायले नाहीत. कपात हातांचा वास येत होता.

किल्ली फिरवली.

गाडी एका दमात लागली. थरथर नाही, धक्का नाही, मान टाकणं नाही. चारही सिलिंडर एका सुरात चालले होते. जुना प्लगसुद्धा कुणाला ओळखू आला नसता. तिडक्यांनी ॲक्सिलेटर दाबला. सोडला. पुन्हा दाबला. एवढं चांगलं काम त्यांनी आयुष्यात कुणाचं पाहिलं नव्हतं, आणि नेमकं ते दाखवायला अंगणात कुणी नव्हतं. वट्यावर नवनाथची म्हातारी शेंगा सोलत होती. तिडक्यांनी तिच्याकडं पाहिलं.

“धूर येतोय रं, बंद कर,” म्हातारी म्हणाली.

ते निघाले. रिकामी गाडी रस्त्यावर नवरदेवाच्या घोडीसारखी उड्या मारत चालली. पेठ नाक्यापासूनच दोन्ही बाजूंना झेंडूचे ढीग सुरू झाले होते. पिवळे, केशरी, मध्येच आपट्याच्या फांद्या, ओंब्यांच्या जुड्या. माणसं स्कूटरवरूनच भाव विचारत होती. तिडके प्रत्येक ढिगाकडं बघत, हा आमचा नाही, हाही नाही, असं करत पुढं सरकत होते. आमचा फुलानं मोठा आहे, हे त्यांच्या त्याच वेळी लक्षात आलं. आणि शेतात असताना हे आपण कधी बघितलंच नव्हतं, हेही.

विमलाबाई नाक्याच्या अलीकडं, वडाखाली बसल्या होत्या. अर्धा ढीग संपला होता. पदर खोचलेला, समोर तराजू, भोवती बायकांचा गराडा. त्या एकीशी बोलत दुसरीला तोलून देत होत्या आणि तिसरीला “ताई, हात नका लावू, मी देते ना निवडून” असं सांगत होत्या. हा आवाज तिडक्यांच्या ओळखीचा नव्हता. घरात त्याला कधी जागाच मिळाली नव्हती. मागं नवनाथ मांडी घालून गुंफायला बसला होता. त्याचे ओठ कोरडे, स्वच्छ होते आणि माळ सरळ येत होती. तिडक्यांनी माळेत खोट शोधली. सापडली नाही. त्याचीच त्यांना मळमळ झाली.

त्यांनी गाडी मुद्दाम अगदी जवळ आणून लावली, चालूच ठेवली, उतरले आणि ढिगासमोर उभे राहिले. हात कोपरापर्यंत काळे, त्यात मध्येमध्ये कुंकू. चष्म्यावर चिखल. बायका जरा मागं सरकल्या. एकीनं नाकाला पदर लावला.

“ऐक,” तिडके म्हणाले. “आवाज ऐक गाडीचा.”

विमलाबाईंनी वर पाहिलं. हातातला तराजू तसाच धरला. मान थोडी कलती करून त्यांनी खरोखरच ऐकलं.

“चारही,” तिडके म्हणाले. “मी एकट्यानं. कुणाचा हात लागू दिला नाही.”

“चांगलं झालं,” विमलाबाई म्हणाल्या. त्या मनापासून म्हणाल्या. तिडक्यांना ते ओळखू आलं. त्यांनी ढिगाकडं पाहिलं. एखादी गोणी उचलावी म्हणून वाकले. मग हात पाहिले आणि ते पाठीमागं घेतले.

मागून कुणीतरी स्कूटरवरून भाव विचारला. विमलाबाईंनी तिडक्यांच्या डाव्या बाजूनं बघायचा प्रयत्न केला, मग उजव्या.

“आवो,” त्या हळूच म्हणाल्या, “जरा बाजूला व्हता का? गिऱ्हाइकाला फुलं दिसंनात.”